सावजी भोजनालये

सावजी भोजनालये : नागपूर व त्याच्या परिसरातील, मुख्यतः हलबा-कोष्टी या विणकर समाजातील कुटुंबांनी सुरू केलेल्या खाणावळी. ‘साव’ हे व्यापाऱ्याचे आदरार्थी संबोधन असून कोष्टी मंडळी परस्परांस ‘सावजी’ म्हणत. त्यावरून या समाजाच्या स्वयंपाकास व पुढे तो विकणाऱ्या घरांस हे नाव पडले, असे मानतात. एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या चालणारा धंदा या दृष्टीने त्यांचे इंग्लंडमधील खेड्यांतल्या पथिकगृहांशी साम्य आहे. मात्र तेथे १५५२ च्या कायद्याने मद्यविक्रीच्या घरांस दंडाधिकाऱ्यांचा परवाना आवश्यक ठरल्याने चालकांची नावे दप्तरांत सापडतात. सावजी घरांचा इतिहास बहुतांशी त्या त्या कुटुंबाच्या आठवणीतच राहिला आहे.

भोसल्यांच्या राजवटीत नागपूर, उमरेड, पवनी येथील कोष्ट्यांची रेशीमकाठी धोतरे व लुगडी प्रसिद्ध होती. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि गिरणीचे स्वस्त कापड बाजारात सुलभ झाले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. विणकरांपैकी काही गिरणीत गेले, काही हातमागावर टिकून राहिले. पुढे यंत्रमागांच्या स्पर्धेत हातमागही मागे पडला व २००२ मध्ये एम्प्रेस मिल बंद झाली. मागावर पोट भरेनासे झाले तेव्हा अनेक कुटुंबांजवळ विकण्याजोगे दुसरे कसब उरले होते, ते स्वयंपाकाचे. महाल, इतवारी, गोळीबार चौक या भागांत घराच्या पुढच्या खोलीतच पंगत बसू लागली. विणकामात कांड्या भरणे ही जशी घरातील स्त्रियांची कामगिरी, तसेच येथे मसाला भाजणे व वाटणे त्यांच्याकडे राहिले. मसाल्याचे प्रमाण लिहून ठेवण्याची पद्धत नसल्याने ते सासूकडून सुनेकडे जाते. पाटीवर मात्र सामान्यतः आडनाव वा पुरुषाचे नाव असते.

सावजी रश्शाचा तिखटपणा सर्वश्रुत असला, तरी त्याचे वैशिष्ट्य केवळ मिरचीत नाही. धने, सुके खोबरे, खसखस, दगडफूल, मिरी, लवंग इ. जिन्नस वेगवेगळे भाजून वाटतात. रस्सा दाट होण्यासाठी भाजलेल्या ज्वारीचे पीठ लावतात. पूर्वी जवसाचे तेल वापरीत. वर तरंगणाऱ्या लाल तेलाच्या थरास ‘तर्री’ म्हणतात. मटणाखेरीज खूर, कलेजी व ‘सुंदरी’ (बोकडाची आतडी) हे प्रकार होतात. स्वस्त अवयवांचा असा उपयोग कष्टकरी घराच्या काटकसरीतून आला असावा. शाकाहारी पदार्थांत पाटोडीचा रस्सा प्रमुख होय.

हलबा-कोष्टी हे अनुसूचित जमातीतील ‘हलबा’ नव्हेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्यापासून या समाजाच्या नोकऱ्या व शिक्षण यांचा प्रश्न बिकट झाला. अशा वेळी घरचा धंदा हा काहींना आधार ठरला. परंतु ‘सावजी’ हे नाव आता त्यांच्यापुरते राहिलेले नाही. इतर समाजांचे चालकही तशी पाटी लावतात व तयार मसाला बाजारात मिळतो. नागपूरच्या दक्षिणेस, शिवणगाव, खापरी इ. गावांच्या जमिनींवर मिहान प्रकल्प उभा राहिला. तेथून जाणाऱ्या वर्धा मार्गावरही सावजी ढाबे दिसतात. त्यांतील प्रत्येकाचा विणकरांच्या घराशी संबंध असतोच असे नाही.