धूर कोणाच्या खात्यावर?

मुंबई बंदराबाहेर नांगर टाकून उभं असलेलं मालवाहू जहाज किनाऱ्यावरून पाहिलं, तर त्याच्या धुरांड्यातला धूर पेन्सिलीच्या रेघेएवढा दिसतो. पण जगातल्या सगळ्या जहाजांच्या अशा रेघा एकत्र केल्या, तर माणसानं हवेत सोडलेल्या हरितगृह वायूंपैकी जवळजवळ ३ टक्के होतात. जर्मनीसारख्या औद्योगिक देशापेक्षा हा आकडा मोठा आहे.

हा धूर मोजायचा कोणाच्या खात्यावर? जहाजाचा मालक ग्रीसमधला, झेंडा पनामाचा, खलाशी रायगड-रत्नागिरीचे आणि फिलिपीन्सचे, तेल सिंगापूरला भरलेलं आणि माल चीनहून रॉटरडॅमला चाललेला. वाटेतला बहुतेक धूर भर समुद्रात, जिथे कोणाचंच राज्य नाही. म्हणूनच १९९७च्या क्योटो करारानं हा विषय देशांच्या हिशेबातून काढला आणि लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवला. ही संयुक्त राष्ट्रांचीच संस्था.

मी बरीच वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथे जळणारं जड तेल म्हणजे पेट्रोल-डिझेल काढून घेतल्यावर तळाशी उरणारा डांबरासारखा ऐवज. शंभर अंशांच्या वर तापवल्याशिवाय ते इंजिनात जायला तयार होत नाही. पण स्वस्त! २०२० पासून त्यातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. बंदरांजवळच्या वस्त्यांना त्याचा फायदा झाला. कार्बनचं मात्र काही बदललं नाही. एक टन तेल जाळलं, की हवेतला ऑक्सिजन त्यात मिळून तीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

आता एक सोपा उपाय पाहा. जहाजाचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला, तर इंजिनाला लागणारी शक्ती साधारण सत्तावीस टक्क्यांनी घटते. प्रवासाचे तास वाढतात, ते धरूनही तेल एकोणीस टक्क्यांच्या आसपास वाचतं. २००८च्या मंदीनंतर कंपन्यांनी हेच केलं. अर्थात पृथ्वीसाठी नव्हे, खिशासाठी. शिवाय पुन्हा वाऱ्याकडे वळण्याचे प्रयोग आहेतच. २०२३ मध्ये ‘पिक्सिस ओशन’ हे जहाज पोलादाची उंच शिडं लावून चीनहून ब्राझीलला गेलं. शिडांच्या गलबतांना मोडीत काढणाऱ्या आम्हा इंजिनवाल्यांना हे पाहून गंमत वाटते. पण वेग आणि वारा यांनी तेल कमी होईल, शून्य होणार नाही.

शून्यासाठी इंधनच बदलायला हवं. मिथेनॉलवर चालणारं ‘लॉरा मर्स्क’ हे कंटेनर जहाज २०२३ मध्ये पाण्यावर आलं. दुसरा दावेदार अमोनिया. त्यात कार्बनच नाही. बर्फाच्या कारखान्यात, शीतगृहात काम केलेल्यांना हा वायू ठाऊक आहे. गळती झाली तर पळावं लागतं. भर समुद्रात पळणार कुठे? म्हणून या इंधनाची चर्चा करताना खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या मुलांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न मला सर्वांत आधी विचारावासा वाटतो. आणखी एक मेख आहे. आजचा बहुतेक अमोनिया नैसर्गिक वायूपासून बनतो. तो खरोखर स्वच्छ व्हायचा, तर सौर किंवा पवन विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढावा लागतो, आणि ते जड तेलाच्या मानानं फार महाग पडतं.

ही दरी बुजवायची कशी, यावरच सगळं अडलं आहे. २०२३ मध्ये सागरी संघटनेनं ठरवलं, की २०५० च्या सुमारास जहाजांचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं. एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी नियमांचा आराखडा ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्य झाला. भारतानं बाजूनं मत दिलं. पाच हजार टनांहून मोठ्या जहाजांनी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडला, तर जादा प्रत्येक टनामागे १०० ते ३८० डॉलर भरायचे, आणि त्या पैशातून स्वच्छ इंधनाला हातभार लावायचा, अशी ती योजना. ऑक्टोबरमध्ये तिच्यावर अखेरची मोहोर उमटायची होती. अमेरिकेनं कडाडून विरोध केला आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला.

एक वर्ष म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण जहाज पंचवीस-तीस वर्षं चालतं. २०२५ मध्ये ऑर्डर दिलेलं जहाज दोन-तीन वर्षांनी पाण्यात उतरेल आणि २०५० सालीही मालवाहतूक करत असेल. कित्येक मालक सावधगिरी म्हणून दोन्ही इंधनांवर चालणारी इंजिनं बसवून घेतात. अशा जहाजात नव्या इंधनाची टाकी असते, पण ती भरायची सक्ती नसते. बंदरात तेल घ्यायची वेळ आली, की भाव पाहिला जातो आणि नळी जुन्याच टाकीला लागते.