विषाचा भटारखाना

म्युनिकच्या जुन्या शहरात ‘आल्टहायमर एक’ नावाची गल्ली आहे. सामाजिक लोकशाही पक्षाच्या ‘म्युन्शेनर पोस्ट’ या दैनिकाची कचेरी तिथे होती. हिटलर तिला विषाचा भटारखाना म्हणत असे. इतक्या चिडीचं कारण साधं होतं: हा माणूस बिअरच्या गुत्त्यांतून भाषणं करत फिरत होता, तेव्हापासून ‘पोस्ट’ त्याच्यावर नजर ठेवून होतं. १९२१ साली त्याच्याच पक्षातल्या विरोधकांचं निनावी पत्रक ‘पोस्ट’ने छापलं, तेव्हा तो कोर्टात गेला. १९२३च्या नोव्हेंबरात, त्याच्या फसलेल्या उठावाच्या रात्री, त्याच्या टोळीने कचेरीची नासधूस केली. दैनिक पुन्हा निघालं.

९ डिसेंबर १९३१चा अंक तर प्रत्येक पत्रकाराने ध्यानात ठेवावा. नाझींच्या तपकिरी गणवेशातल्या दलाचा गुप्त आराखडा ‘पोस्ट’च्या हाती लागला होता. सत्ता मिळताच ज्यूंचे हक्क एकेक करून कसे काढायचे, हे त्यात होतं. पुढे ज्यू प्रश्नाच्या ‘अंतिम उत्तरा’साठी त्यांना दलदलीच्या जमिनींवर पहाऱ्याखाली राबवण्याची सूचना होती. ‘अंतिम उत्तर’ हा शब्द ज्यूंच्या संहाराची आखणी झाली त्या वान्झेच्या बैठकीच्या दहा वर्षं आधी म्युनिकमध्ये छापून आला होता. कुणाला काही कळलंच नाही, असं म्हणायला या अंकाने जागा ठेवलेली नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या दलाचा प्रमुख र्‍योम समलिंगी होता. त्याचं खासगी आयुष्यही ‘पोस्ट’ने चव्हाट्यावर आणलं. खुनी टोळीच्या म्होरक्याविरुद्ध लिहायला त्याची कृत्यं पुरेशी होती.

९ मार्च १९३३ रोजी नाझींनी बव्हेरियाची सत्ता बळकावली आणि त्याच दिवशी कचेरी मोडून टाकली. ‘पोस्ट’ कायमचं बंद पडलं. संपादक युलिउस त्सेरफास यांची रवानगी डाखाउच्या छळछावणीत झाली. राजकीय संपादक एडमुंड गोल्डशाग यांनाही अटक झाली. सुटल्यावर ते फ्रायबुर्गला गेले. १९४४मध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एल्झे रोझेनफेल्ड या ज्यू बाईंना घरात लपवलं. तिथून त्या स्वित्झर्लंडला निसटल्या.

युद्धानंतर गोल्डशाग म्युनिकला परतले आणि ‘झ्युडडॉइचे त्साइटुंग’ या दैनिकाच्या संस्थापकांपैकी एक झाले. ६ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याचा पहिला अंक निघाला. त्याच्या छपाईच्या प्लेट ओतण्यासाठी हिटलरच्या ‘माइन काम्फ’चे जुळवून ठेवलेले शिशाचे खिळे वितळवले होते.