भट्टी थांबवायची सोय नव्हती

नागपूरहून रात्रीच्या गाडीने हावड्याच्या दिशेला निघालं, की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव मागे पडतं आणि दुर्ग ओलांडल्यावर आकाशाच्या कडेला अधूनमधून तांबूस उजेड चढतो. भिलाई आलं. 1956 पर्यंत या भागाचा कारभार नागपुरातूनच चाले, त्यामुळे इथे उतरणाऱ्या वऱ्हाडी-नागपुरी माणसाला गाव तसं परकं वाटत नाही.

20 ऑक्टोबर 1962 च्या पहाटे चिनी फौजा पूर्वेला नामका चू नदीवर आणि पश्चिमेला लडाखमध्ये अशा दोन्ही आघाड्यांवर चालून आल्या, तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्यात तीन झोतभट्ट्या पेटलेल्या होत्या. प्रत्येकीचं पोट 1033 घनमीटरचं. पहिली 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली होती. वर्षाला दहा लाख टन पोलादाचा पहिला टप्पा नुकताच पुरा झाला होता आणि पंचवीस लाखांची तयारी चालली होती.

झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस जळते. वरून खनिज, कोक आणि चुनखडी पडत राहते, खालून तापलेल्या हवेचा झोत. दर काही तासांनी तळाशी असलेलं मातीने बुजवलेलं भोक फोडायचं. आधी ठिणग्यांचा फवारा उडतो, मग पांढुरका-पिवळा रस वाळूच्या पाटातून धावत सुटतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचं तोंड भाजून निघतं. रस वाहून गेला की पुन्हा मातीचा बोळा ठासून भोक बंद. हा क्रम तयारीशिवाय तुटला, झोत फार काळ थांबला, तर रस आतच गोठतो आणि भट्टीच्या पोटात दगड होतो. युद्ध आहे म्हणून चार दिवस कुलूप लावू, असं इथे चालत नाही.

मला वाटतं, अचानक झालेला हल्ला देश कसा सोसतो, हे इथेच नीट कळतं. हल्ल्याच्या दिवशी नवी भट्टी उभी करता येत नाही. जे आधी उभं आहे तेच कामाला येतं. भिलाईचं लोहखनिज यायचं सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या दल्ली-राजहराच्या डोंगरातून, चुनखडी जवळच्या नंदिनीच्या खाणीतून. दोन्ही खाणी कारखान्याच्या स्वतःच्या, समुद्र आणि सीमा दोन्हींपासून आत. कोकसाठीचा कोळसा मात्र शेकडो किलोमीटर दूर, झरियाकडून रेल्वेने. म्हणजे बाहेरच्या कुणी नाडावं अशी जागा कच्च्या मालात फारशी नव्हती. ती जागा होती यंत्रांत आणि ती चालवायला शिकवणाऱ्या माणसांत.

ती माणसं सोव्हिएत होती. 2 फेब्रुवारी 1955 च्या करारातून हा कारखाना आला. आणि याच सोव्हिएत संघाचे नेते ख्रुश्चेव्ह यांनी जुलै 1960 मध्ये चीनमधले आपले हजाराहून जास्त तज्ज्ञ काही आठवड्यांत परत बोलावले होते. आराखडेही सोबत गेले, कितीतरी प्रकल्प अर्धवट राहिले. क्युबाच्या पेचात सापडलेल्या मॉस्कोने 25 ऑक्टोबर 1962 रोजी ‘प्रावदा’तून चीनकडे झुकती भूमिका घेतली, त्या दिवशी भिलाईबद्दलची धास्ती काल्पनिक नव्हती. पण भिलाईतून तज्ज्ञ माघारी गेले नाहीत. लवकरच मॉस्कोचा सूरही पालटला.

भिलाईच्या उभारणीत 1957 ते 1959 मुख्य अभियंता होते व्हेनिआमिन दिमशित्स. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर अचानक तुटून पडला, तेव्हा पंधराशेहून अधिक मोठे कारखाने उचलून पूर्वेकडे हलवले गेले. युक्रेनमधल्या झापोरिझिया पोलाद कारखान्याची यंत्रं उरल डोंगरांकडे, मॅग्निटोगोर्स्कला गेली. तिथल्या बांधकामाचे प्रमुख हेच दिमशित्स. युद्ध संपल्यावर उद्ध्वस्त झापोरिझियाची फेरउभारणीही त्यांच्याच हाती आली. तिथून दहा वर्षांत हा माणूस दुर्ग जिल्ह्याच्या उन्हात उभा होता. आक्रमणात कारखाना कसा उचलायचा, कसा पुन्हा उभारायचा, हे हातांनी केलेल्या माणसाने आपला कारखाना बांधला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याची मला खंत वाटते.

सरहद्दीजवळ मात्र चित्र वेगळं होतं. सेला, बोमडिला ही ईशान्येकडची ठाणी पडल्यावर नोव्हेंबरमध्ये आसामातलं तेजपूर रिकामं झालं. तिथल्या स्टेट बँकेत नोटांची होळी केली गेली, नाणी तळ्यात टाकली गेली. पैसा म्हणजे राज्य टिकेल हा विश्वास, आणि तो विश्वास तिथे ज्वाळांत दिसत होता. उरलेल्या देशात उलट घडत होतं. बायका पाटल्या-बांगड्या काढून राष्ट्रीय संरक्षण निधीत देत होत्या. 3 नोव्हेंबरला दिल्लीत मालक आणि कामगार संघटनांनी मिळून ठराव केला, की आणीबाणीत उत्पादन थांबू द्यायचं नाही. तीन पाळ्यांत भट्टी चालवणाऱ्यांना हे नवं नव्हतं.

21 नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षण खातं हाती घेतलं, त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे आपण अभिमानाने म्हणतो. पण मला जास्त मोलाची वाटते ती पुढची चिवट कामगिरी: 1964 ची पाच वर्षांची संरक्षण योजना, सव्वाआठ लाखांचं सैन्य, नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, चांदा इथले आयुध कारखाने. यातले बरेचसे मुंबई-हावडा मार्गाच्या आसपास, भिलाईच्याच वाटेवर.

याचा खर्च कुणी उचलला? 1963-64 च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला 867 कोटी रुपये होते. नवे कर आले, सक्तीची ठेव आली. आणि 9 जानेवारी 1963 रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं: चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध नवा दागिना घडवायचा नाही. परकीय चलन वाचवायचा हेतू समजतो. पण पिढ्यानपिढ्या बावीस कॅरेटवर हात बसलेल्या सुवर्णकाराची फुंकणी त्याने थंड केली. काहींनी जीव दिला. चौदा कॅरेटची अट 1966 मध्ये उठली, कायदा 1990 मध्ये गेला. सोनं देणाऱ्यांचे फोटो छापून आले. सोनाराच्या घरात काय शिजलं, त्याची नोंद निधीच्या हिशेबात कुठे नाही. बलिदानाची गोष्ट सांगताना ही विझलेली शेगडीही सांगायला हवी, असं मी आग्रहाने म्हणेन.

भिलाईचा पंचवीस लाख टनांचा टप्पा 1967 मध्ये पुरा झाला. पुढे रशियाकडून युद्धनौकेचं पोलाद मिळायला अडचण झाली, तेव्हा हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेबरोबर देशी पोलाद घडवलं गेलं. सप्टेंबर 2022 मध्ये नौदलात आलेल्या विमानवाहू ‘विक्रांत’साठी भिलाईतूनही पत्रे गेले.

त्याच वर्षी झापोरिझियावर पुन्हा युद्ध आलं, आणि या वेळी चाल करून आलं ते रशियाचं सैन्य. युक्रेनचं पोलाद उत्पादन 2021 च्या सुमारे 2 कोटी 14 लाख टनांवरून 2022 मध्ये 63 लाखांच्या आसपास घसरलं. मारियुपोलचा अझोवस्ताल बेचिराख झाला. दिमशित्सनी पुन्हा उभारलेल्या झापोरिझियाच्या कारखान्याने मार्चच्या सुरुवातीला भट्ट्यांचा झोत बंद केला, पण त्या विझू दिल्या नाहीत. आतला रस गोठू नये म्हणून महिनाभर त्या नुसत्या ऊबदार राखल्या, आणि एप्रिलमध्ये पुन्हा झोत सोडला.