निवडीची खूण गर्भावर राहते का?

गुलालाच्या गर्दीतून जोतिबाचं दर्शन घेतलेला माणूस अंगाला रंग न लागता डोंगर उतरत नाही. आपला आजचा प्रश्न तसाच आहे. कालवडच व्हावी म्हणून इथला शेतकरी सेक्स्ड सीमेनने, म्हणजे लिंग निवडलेल्या रेतमात्रेने, गाय भरवतो. त्या निवडीची खूण गर्भावर राहते का?

आधी निवड कशी होते ते पाहू. वळूच्या एक्स शुक्राणूत वायपेक्षा सुमारे ३.८ टक्के डीएनए जास्त असतो. शुक्राणूंना चमकणारा रंग देतात, लेसरसमोरून एकेक नेतात. जास्त चमकला तो एक्स. मग साधारण ९० टक्के कालवडी मिळतात.

पण रंग, लेसर, यंत्रातला दाब, हे सगळं शुक्राणूला सोसावं लागतं. अशा शुक्राणूंपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या गर्भांत काही जनुकांचं काम मंदावलेलं आढळलं. लगेच घाबरायचं का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून आधी विचारतो: तुलना कशाची कशाशी? युरोपातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं, की सात दिवसांच्या गर्भात चालू जनुकांपैकी एक तृतीयांश जनुकांची पातळी नर-मादीत मुळातच वेगळी असते. तेव्हा मादीगर्भाची तुलना मादीगर्भाशीच हवी. नाहीतर फरक लिंगाचा की यंत्राचा, कळणारच नाही.

जन्मलेली वासरं सहसा धडधाकट असतात. खूण दिसते ती गाभ धरण्याच्या प्रमाणात. ते कमी पडतं, आणि गाय उलटली की २१ दिवस गेले. म्हणून ही रेतमात्रा आधी निरोगी, वयात आलेल्या कालवडींना वापरावी.