सरॉन्ग : कापड एक, उपयोग अनेक

गोव्याच्या किनाऱ्यावरील दुकानांत रंगीत छापील कापडे दोरीवर टांगलेली दिसतात. पर्यटक त्यांना सरॉन्ग म्हणतात. आपल्या लुंगीचेच हे भाईबंद. कोकणात पर्यटक वाढल्यापासून तिकडचे छोटे दुकानदारही हा माल ठेवू लागले आहेत. म्हणून या मालाची थोडी ओळख करून घेणे फायद्याचे आहे.

'सारुंग' हा मूळ मलय शब्द. अर्थ म्यान किंवा गवसणी. इंडोनेशिया-मलेशियात दोन्ही टोके शिवून नळीसारखे केलेले कापड म्हणजे सारुंग. तेथील मुस्लिम पुरुष नमाजसाठी आणि घरात ते सर्रास नेसतात. चौकड्यांच्या सुती सारुंगला तिकडे 'पलेकत' म्हणतात. हे नाव चेन्नईच्या उत्तरेकडील पुलिकत बंदरावरून पडले, कारण कोरोमंडल किनाऱ्यावरचे चौकड्यांचे कापड तेथून जहाजाने पूर्वेकडे जात असे. म्हणजे हा धंदा आपल्या देशाला नवा नाही.

किनाऱ्यावर विकले जाणारे सरॉन्ग मात्र बहुधा न शिवलेले, सपाट असते. पन्हा साधारण ४४ इंच, लांबी पावणेदोन ते दोन मीटर. पोहण्याच्या कपड्यावर कमरेला गाठ मारली की घागरा, छातीवर गुंडाळले की झगा, दोन टोके मानेमागे बांधली की अंगभर पोशाख. खांद्यावर घेतले तर ओढणी, वाळूवर पसरले तर चादर. शिलाई नाही, मापाची कटकट नाही. त्यामुळे 'माप बसत नाही' म्हणून माल परत येण्याचा प्रश्नच उरत नाही.

हिशेबही सोपा आहे. १.८० मीटरचा एक पीस धरला तर १०० मीटर कापडात ५५ पीस निघतात आणि एक मीटर चिंधी उरते. लांबी दोन मीटर केली की ५० पीसच पडतात. भाव ठरवताना हे पाच पीस विसरू नयेत.

खरी मेख कापडात आहे. रेयॉन अंगावर सुंदर पडते, रंगही खुलतो, पण ओले झाले की त्याची ताकद बरीच कमी होते. गिऱ्हाईकाने समुद्रातून येऊन जोराने पिळले तर फाटण्याची भीती. सुती कापड ओले असताना उलट मजबूत होते. पॉलिएस्टर लवकर सुकते, पण घाम शोषत नाही. ओळखायचे तर कडेचा धागा जाळून पाहावा. रेयॉन आणि सूत कागदासारखे जळून राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते. पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासला की कच्चा रंगही लगेच कळतो.

बाटिकच्या नावावर छापील माल खपवण्याची सवय बाजारात आहे. खऱ्या बाटिकमध्ये मेण लावून रंगवतात, त्यामुळे नक्षी मागच्या बाजूलाही जवळपास तितकीच उठून दिसते. साध्या छापाची मागची बाजू बहुधा फिकी असते. छापील माल वाईट नाही, तो छापील म्हणूनच विकावा.

पर्यटक परत येत नाही, मग कसली फिकीर, असे काहींना वाटते. परंतु त्याला दुकान दाखवणारा हॉटेलवाला आणि रिक्षावाला गावातच असतो. एका पिसामागे मिळालेले जास्तीचे पैसे खर्चून जातात, दुकानाचे गेलेले नाव परत येत नाही. नव्या दुकानदाराने आधी थोडेच पीस घ्यावेत, एक स्वतः धुऊन पाहावा आणि मगच ताग्याची ऑर्डर द्यावी.