मासे तेच, मग उत्तरं दोन कशी?

बालमित्रांनो, गप्पी मासे तुम्ही पाहिले असतील. डासांच्या अळ्या खाऊन टाकतात म्हणून आपल्याकडे हौदात, विहिरीत ते मुद्दाम सोडतात. त्यांचं मूळ घर मात्र फार दूर, त्रिनिदाद बेट आणि दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग. नर लहानसा पण रंगीबेरंगी, मादी मोठी पण साधी. हा फरक डोळ्यांना दिसतो. पण माशाच्या पेशीत, जनुकांच्या पातळीवर नर-मादीत किती फरक असतो? शास्त्रज्ञ तो संगणकावर मोजतात. आणि गंमत म्हणजे, एकाच माहितीवरून दोन सॉफ्टवेअर कधी कधी दोन वेगळी उत्तरं देतात!

कसं ते पाहू. गप्पीच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतली बारावी जोडी नर की मादी हे ठरवते. मादीत दोन एक्स, नरात एक एक्स आणि एक वाय. समजा, या गुणसूत्रावरच्या एका जागी एक्सवर नेहमी 'अ' हे अक्षर आहे आणि वायवर नेहमी 'ब'.

आता दोन पिशव्या घ्या. मादीच्या पिशवीत सगळ्या चिठ्ठ्या 'अ'च्या. नराच्या पिशवीत निम्म्या 'अ', निम्म्या 'ब'. एका पिशवीतून चिठ्ठी काढा, वाचा, परत टाका आणि पुन्हा काढा. दोन्ही वेळा वेगळी अक्षरं येण्याची शक्यता मादीच्या पिशवीत शून्य, नराच्या पिशवीत १/२. दोन्हींची सरासरी १/४. हा झाला 'घरातला' फरक.

पहिली रीत मासातोशी नेई यांच्या पद्धतीची. दोन्ही पिशव्या सारख्या प्रमाणात एकत्र ओता. आता 'अ' ३/४ आणि 'ब' १/४. वेगळी अक्षरं येण्याची शक्यता ३/८. त्यातून घरातला १/४ वजा केला की उरतो १/८. हा १/८ म्हणजे ३/८ चा तिसरा हिस्सा. उत्तर ०.३३.

दुसरी रीत हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९९२ सालची. यात पिशव्या ओतायच्या नाहीत. एक चिठ्ठी या पिशवीतून, एक त्या पिशवीतून. वेगळी अक्षरं येण्याची शक्यता १/२. त्यातून १/४ वजा केला, उरला १/४. तो १/२ चा निम्मा. उत्तर ०.५!

बघा, मासे तेच, चिठ्ठ्या त्याच. चूक कुणाचीच नाही. तुलना कशाशी केली, एवढाच फरक.

आणखी एक भानगड आहे. नाणं दहा वेळा उडवलं तर बरोबर पाच छाप, पाच काटे येतीलच असं नाही. तसंच मोजके मासे पकडले तर नुसत्या योगायोगानेही फरक दिसतो. म्हणून वीअर आणि कॉकरहॅम यांनी १९८४ साली दिलेल्या सूत्रात हा योगायोगाचा वाटा वजा होतो. खरा फरक नसेल तर वजाबाकीनंतर उत्तर चक्क शून्याखाली जाऊ शकतं. घाबरायचं नाही, 'फरक सापडला नाही' एवढाच त्याचा अर्थ. व्हीसीएफटूल्स हे सॉफ्टवेअर ही रीत वापरतं, तर प्लिंक-२ मध्ये हडसन किंवा वीअर-कॉकरहॅम यांपैकी कोणतीही निवडता येते.

शिवाय, हजारो जागांची सरासरी कशी काढायची? तुम्हाला १० पैकी ५ आणि १०० पैकी ९० गुण मिळाले, तर टक्क्यांची सरासरी ७०. पण सगळे गुण एकत्र केले तर ११० पैकी ९५, म्हणजे ८६ टक्के! तिथेही असंच होतं, बरं का.

मग हे जपायचं कशासाठी? कारण या आकड्यांवरून मोठे निष्कर्ष निघतात. गप्पीच्या वाय गुणसूत्राचा किती भाग एक्सपासून खरोखर वेगळा झाला आहे, यावर संशोधकांत मतभेद झाले आहेत. माणसांबाबत तर जास्तच सावध राहावं लागतं. २०२१ साली काही संशोधकांनी ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन प्रचंड जनुकसंग्रहांची तपासणी केली. लिंगनिश्चितीशी संबंध नसलेल्या गुणसूत्रांवरही स्त्री-पुरुषांत फरक दिसत होता. पण त्या जागांशी मिळताजुळता मजकूर एक्स-वाय गुणसूत्रांवरही होता आणि चाचणीत त्याचीच सरमिसळ झाली होती. मुळातली नोंदच चुकली, तर सूत्र बरोबर असून काय उपयोग?

तेव्हा मुलांनो, संगणकाने दिलेला आकडा पाहिला की तीन प्रश्न विचारा : रीत कोणती? नमुने किती? नोंद नीट झाली का? आणि पालकहो, आज रात्री दोन पिशव्या आणि थोड्या चिठ्ठ्या मुलांना नक्की द्या. खेळता खेळता अपूर्णांकांचीही उजळणी होईल!