वाणातील करवंदे आणि त्यांच्या वड्या

ज्येष्ठ शुद्ध पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळून सुवासिनी सावित्रीचे स्मरण करतात. आंबा, फणसाचे गरे, जांभूळ, केळे आणि करवंद अशा ऋतुफळांचे वाण त्या दिवशी एकमेकींच्या ओटीत पडते. संध्याकाळपर्यंत आंबे-केळी संपतात. करवंदे मात्र ताटात सुकत राहतात आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्याबरोबर जातात. आख्यानाच्या निमित्ताने ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे आमचे येणे-जाणे असते. तेथेही हेच दिसते. या उपेक्षित फळाविषयी चार शब्द आम्हांस सांगावयाचे आहेत.

महाभारताच्या वनपर्वात सत्यवान रानात जातो, तो आधी फळे वेचतो. करंडी भरल्यावरच तो लाकडे फोडू लागतो आणि त्याच्या मस्तकात वेदना उठते. यमाकडून पतीचे प्राण परत मिळविल्यावर, भर रात्री आश्रमाकडे निघताना सावित्री त्याला सांगते की फळे उद्या नेता येतील. करंडी ती झाडाच्या फांदीला अडकविते आणि कुऱ्हाड स्वतःच्या हाती घेते. मृत्यूशी वाद करून आलेल्या त्या साध्वीला अशा वेळीही वेचलेल्या फळांचा विसर पडला नाही. मग तिच्याच व्रतातील फळे आपण निर्माल्यात का टाकावीत?

करवंद हे संस्कृतातील करमर्द. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात त्याला कृष्णपाकफल, अविग्न, सुषेण अशी नावे दिली आहेत. कृष्णपाकफल म्हणजे पिकल्यावर काळे होणारे फळ. पाकशास्त्राच्या दृष्टीने हे नाव फार उपयोगी आहे. कारण वड्यांसाठी काळ्या फळांपेक्षा अजून काळी न झालेली, तांबूस फळेच अधिक हवीत.

याचे कारण असे. फळांच्या गरात पेक्टिन नावाचे द्रव्य असते. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ हेन्री ब्राकोनो यांनी 1825 साली ते ओळखले व गोठणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. आंबटपणा व साखर यांच्या संगतीत उष्णता मिळाली की पेक्टिन रसाला घट्ट धरते. अर्धवट पिकलेल्या करवंदात पेक्टिन व आंबटपणा दोन्ही भरपूर असतात. बाजारातील जेलीच्या कित्येक गोळ्यांत जिलेटिन असते आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. करवंदाला असे काहीच लागत नाही. म्हणून या वड्या नैवेद्याला व फलाहारालाही निःशंकपणे चालतात.

कृती सोपी आहे. पाऊण किलो तांबूस व पाव किलो काळी करवंदे घ्यावीत. देठ काढून ती थोडा वेळ मिठाच्या पाण्यात ठेवावीत, म्हणजे चीक निघून जातो. नंतर स्वच्छ धुवावीत. स्टीलच्या पातेल्यात फळे बुडतील इतकेच पाणी घालून मऊ शिजवावीत व पुरणयंत्रातून काढावीत, म्हणजे बिया व साली मागे राहतात. लोखंडी वा बिनकल्हईचे पितळी भांडे आंबट रसाला वर्ज्य. गर वाटीने मोजून तितकीच साखर घालावी आणि जाड बुडाच्या भांड्यात मध्यम आचेवर सतत ढवळीत आटवावे. मिश्रण उडते, तेव्हा लांब दांड्याचा कालथा बरा. गोळा कडा सोडू लागला की थेंबभर मिश्रण थंड पाण्यात टाकून पाहावे. ते न पसरता एकत्र राहिले की लगेच उतरवावे. त्यापुढे आटविल्यास वड्या चिवट होतात. तूप लावलेल्या ताटात थापून, पूर्ण निवल्यावर वड्या पाडाव्यात व पिठीसाखरेत घोळवाव्यात. माणकासारखा रंग येतो. ज्येष्ठात हवा दमट असते. घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून त्या ठेवाव्यात.

ज्यांच्या परसात वा कुंपणाला अजून करवंदीची जाळी उभी आहे ते भाग्यवान. इमारती उठल्या तसतशा अशा जाळ्या नाहीशा झाल्या. इतरांच्या दारी हा रानमेवा येतो तो मुरबाड-शहापूरकडील कातकरी-ठाकूर भगिनींच्या टोपल्यांतून. करवंदीचा काटा दुहेरी व कठीण, आणि फळ तोडताच चीक हाताला चिकटतो. पहाटे रान तुडवून, गाडी गाठून ती बाई ठाण्याच्या जांभळी नाक्यावर वा कल्याण-डोंबिवलीच्या स्टेशनाबाहेर पानांवर वाटे मांडून बसते. पाच-दहा रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करणे व्रतस्थ गृहिणीला शोभत नाही. सत्यवानाची करंडी आज तिच्याच डोक्यावर आहे.

यंदा वाणातील करवंदे वेगळी काढावीत, दुसऱ्या दिवशी त्यांच्या वड्या कराव्यात आणि पहिली वडी देवापुढे ठेवावी. दुसरी मात्र, जिने ती फळे आणली तिच्या मुलांसाठी, पुढल्या बाजाराला जाताना आठवणीने बरोबर न्यावी. वाण देण्याचा अर्थ तेथे पुरा होतो.